यादीत नसलेला कागद

सोलापुरात मार्च उजाडला की एसी मेकॅनिकला जेवायलाही सवड मिळत नाही आणि दिवाळी उलटली की त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. अशाच एका रिकाम्या नोव्हेंबरात, २०२४ साली, होटगी रस्त्यावर बांधकाम चालू असलेल्या एका खासगी रुग्णालयाच्या व्यवस्थापकांनी मला बोलावून घेतले. प्रत्येकी दोन टनांची आठ मशीन, म्हणजे एकूण सोळा टनांचे काम होते. तोवरची माझी चौदा वर्षे घरोघरची सर्व्हिसिंग, गॅस चार्जिंग, पीसीबीची अदलाबदल आणि फार तर एखाद्या कापड दुकानात दोन नवी मशीन बसवणे, यातच गेली होती. दर ठरण्याच्या बेतात असताना व्यवस्थापक सहज म्हणाले, "तुमच्या लायसनची झेरॉक्स तेवढी फाइलला लावा." मी मान डोलावली आणि बाहेर येऊन गाडीला किक मारताना माझ्या लक्षात आले, की कोणते लायसन, हे मी त्यांना विचारलेच नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

माझ्याजवळ आयटीआयचे प्रशीतन व वातानुकूलनाचे दोन वर्षांचे प्रमाणपत्र होते. त्याच्या आधारावर मी इतकी वर्षे काम केले होते आणि कोणी कधी काही मागितले नव्हते. ओळखीच्या तीन-चार मेकॅनिकांना विचारले, तर प्रत्येकाने वेगळे उत्तर दिले. एकाने शॉप अ‍ॅक्ट पुरेसा आहे म्हणून सांगितले, दुसऱ्याने जीएसटी म्हणजेच लायसन असे ठासून सांगितले आणि तिसऱ्याने मला एका एजंटाचा नंबर दिला.

त्या एजंटाने "एसी काँट्रॅक्टर लायसन" आठ दिवसांत काढून देण्याचे कबूल केले आणि नऊ हजार रुपये घेतले. आठव्या दिवशी लॅमिनेशन केलेला, अशोकस्तंभ छापलेला एक कागद माझ्या हातात पडला. तो मी मोठ्या ऐटीत रुग्णालयात नेऊन दिला. तेथील हिशेबनीस वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला आणि शांतपणे विचारले, "हे उद्यमचे सर्टिफिकेट आहे ना? ते फुकट मिळते हो." १ जुलै २०२० पासून उद्योग आधारच्या जागी उद्यम नोंदणी आली. आधार आणि पॅन जवळ असेल, तर ती शासनाच्या संकेतस्थळावर घरबसल्या, एक पैसाही न देता होते. ती नोंदणी तुम्ही सूक्ष्म उद्योग आहात एवढेच सांगते, तुम्हाला काम येते की नाही याबद्दल तिला काही म्हणायचे नसते. माझ्या कागदावर व्यवसायाचे वर्गीकरण ४३२२ असे पडले होते, ज्यात नळजोडणी, उष्णता आणि वातानुकूलन यंत्रणांची उभारणी हे सारे एकाच घरात नांदते. त्या एजंटाकडून पैसे परत मिळाले नाहीत. लॅमिनेशन मात्र चांगले केले होते.

हिशेबनिसांना माझी दया आली असावी. त्यांनी एका पाठकोऱ्या कागदावर त्यांना लागणाऱ्या गोष्टींची यादी लिहून दिली: शॉप अ‍ॅक्ट, पॅन, जीएसटी, व्यवसाय कर, विद्युत ठेकेदाराची अनुज्ञप्ती (म्हणजे परवाना) आणि काम संपल्यावर टेस्ट रिपोर्ट. त्या यादीत "एसी" हा शब्द कोठेही नव्हता. पुढच्या काही महिन्यांत मी सगळीकडे विचारून, नियम वाचून खात्री करून घेतली, की आपल्याकडे वातानुकूलनाच्या ठेकेदारासाठी म्हणून वेगळा असा परवाना नाहीच. इकडचा एक, तिकडचा एक असे चार-सहा कागद शिवून जी गोधडी होते, तिलाच लोक लायसन म्हणतात.

शॉप अ‍ॅक्टचे काम सर्वांत सोपे निघाले, पण त्यातही एक गंमत झाली. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानाला नोंदणी लागत नव्हती, फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागे आणि तिची पोच मिळे. माझ्याकडे दोन मुले कामाला आहेत, म्हणजे सूचना पुरेशी होती. मात्र अर्जासोबत दुकानाचा फोटो हवा होता आणि त्यात मराठी नामफलक दिसायला हवा होता. भवानी पेठेतल्या माझ्या दुकानाची पाटी इंग्रजीत होती. पेंटरला बोलावले, त्याने अर्ध्या दिवसात निळ्या अक्षरांत "वातानुकुलन" असे रंगवले. फोटो काढून झाल्यावर माझ्या दहावीतल्या मुलीने पाटीकडे बोट दाखवून सांगितले, की "कू" दीर्घ हवा. पेंटरने परत येऊन ऱ्हस्वाचा दीर्घ केला, पण अर्जाला लागलेल्या फोटोत तो ऱ्हस्वच राहून गेला आहे.

जीएसटीची कथा थोडी लांबली. फक्त माल विकणाऱ्याला ४० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी लागत नाही, पण ज्याच्या बिलात सेवा असते त्याची मर्यादा २० लाखांची. एसीवाल्याच्या बिलात पाइप आणि मजुरी दोन्ही असतात, त्यामुळे ४० लाखांच्या भरवशावर बसलेल्या आमच्यातल्या अनेकांचा हिशेब इथेच चुकतो. माझी उलाढाल २० लाखांच्या बरीच खाली होती, परंतु रुग्णालयाचे एकच काम मला त्या रेषेजवळ नेणार होते, म्हणून मी स्वतःहून नोंदणीचा अर्ज केला. नोंदणीला शुल्क नाही. जागेचा पुरावा म्हणून वीजबिल लावले आणि पाचव्या दिवशी शंका विचारणारी नोटीस आली. वीजबिल माझ्या आजोबांच्या नावाचे होते आणि आजोबांना जाऊन सव्वीस वर्षे झाली होती. बिल दर महिन्याला त्यांच्याच नावाने येत होते, आम्ही ते भरत होतो आणि त्यात काही वावगे आहे असे घरात कोणालाही कधी वाटले नव्हते. मग मिळकतकराची पावती शोधली, ती वडिलांच्या नावाची निघाली. वडिलांचे संमतीपत्र स्टॅम्प पेपरवर करून घेतले. सही करताना वडील म्हणाले, "माझ्याच दुकानात बसायला तुला आता माझी परवानगी लागायली होय?" नोटिशीला उत्तर दिल्यावर नोंदणी क्रमांक मिळाला.

पहिले दरपत्रक दिले तेव्हा एसी मशीनवर २८ टक्के कर होता आणि आमच्या सेवेवर १८. एकाच कामात दोन दर असल्यामुळे मशीन रुग्णालयाने थेट विक्रेत्याकडून घ्यावीत आणि मी फक्त उभारणी करावी, असे आम्ही ठरवले. रुग्णसेवेला जीएसटी माफ असल्याने रुग्णालयाला भरलेल्या कराची वजावटही मिळत नव्हती. सारा कर त्यांच्या खिशातून जाणार होता आणि त्यामुळेच ते दर रुपयामागे घासाघीस करीत होते. इमारत रेंगाळली आणि तोवर २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा कर १८ टक्क्यांवर आला. व्यवस्थापकांचा त्या दिवशीचा आनंद पाहण्यासारखा होता.

व्यवसाय कराचे वर्षाचे २,५०० रुपये भरले आणि तो विषय तिथेच संपला.

खरा कस लागला तो विजेच्या परवान्यात. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेविषयीचे २०१० चे विनियम आणि त्यांच्या जागी आलेले २०२३ चे विनियम यांतली मूळ गोष्ट एकच आहे. दिवा, पंखा, फ्यूज, बटण किंवा घरगुती उपकरण बदलण्यासारखे किरकोळ काम सोडले, तर वीज संचमांडणीचे कोणतेही काम शासनाची अनुज्ञप्ती असलेल्या ठेकेदारानेच, प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली आणि परवानाधारक तारतंत्रीकडून, म्हणजे वायरमनकडून, करून घ्यायचे असते. हे वाचल्यावर मी बराच वेळ गप्प बसलो. असलेल्या सॉकेटमध्ये जुन्या मशीनच्या जागी नवे मशीन लावणे वेगळे. पण आम्ही मेकॅनिक लोक एसी बसवताना मीटरपासून नवी केबल ओढतो, डीबीत, म्हणजे वीज वाटपाच्या पेटीत, नवा एमसीबी टाकतो, कधी अर्थिंगची तार जवळच्या नळाला गुंडाळून मोकळे होतो. हे सारे काम करण्याचा मला चौदा वर्षांत एक दिवसही अधिकार नव्हता.

एक प्रसंग मला तेव्हा आठवला. २०१७ च्या मे महिन्यात जुळे सोलापुरातल्या एका घरी मी दीड टनाचे मशीन बसवले होते आणि भिंतीतल्या जुन्या दीड चौरस मिलिमीटरच्या तारेवरच ते चालू करून दिले होते. घरमालकाला नवी केबल महाग वाटत होती आणि मला दुपारपर्यंत आणखी दोन ठिकाणी जायचे होते. तिसऱ्या आठवड्यात सॉकेट वितळले, पडद्याने पेट घेतला आणि शेजाऱ्यांनी वाळू टाकून तो विझवला. कोणाला इजा झाली नाही. मी स्वतःच्या खर्चाने सारे नीट करून दिले, पण त्या वेळी चूक तारेची होती असे मी सर्वांना सांगत होतो.

माझे प्रमाणपत्र प्रशीतनाचे होते, वीजतंत्री किंवा तारतंत्रीचे नव्हे. त्यामुळे मी स्वतः पर्यवेक्षक होण्याचा प्रश्नच नव्हता, मला पर्यवेक्षक नेमावा लागणार होता. इथे पुन्हा एक मध्यस्थ भेटला. त्याचा प्रस्ताव असा, की एका पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र वर्षाच्या भाड्याने घ्यायचे, तो माणूस तपासणीच्या दिवशी येऊन बसेल आणि एरवी त्याचा आपला संबंध नाही. बाजारात हा प्रकार किती मुरला आहे, हे त्याच्या बोलण्यातल्या सहजतेवरूनच कळत होते. त्याने जणू मंडपाच्या खुर्च्यांचा दर सांगावा तसा दर सांगितला. नऊ हजारांची जखम ताजी असल्यामुळे मी या वेळी नकार दिला. हा माझा प्रामाणिकपणा होता असे म्हणवत नाही, मला त्या मध्यस्थाचा भरवसा वाटला नाही इतकेच.

पूर्व भागात राहणारे, एका यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालेले आणि पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र असलेले एक गृहस्थ मला ओळखीतून मिळाले. त्यांना सगळे अण्णा म्हणतात. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी आणि सासुरवाडीला कन्नड बोलणारे अण्णा पगारावर यायला तयार झाले, पण त्यांची एक अट होती. "मी सही करणार, तर केबल मी सांगेन तीच पडणार. गिऱ्हाईक ओरडले तर तुम्ही ऐकून घ्यायचे." त्यांच्यासोबत परवानाधारक तारतंत्री असलेला एक तरुणही आला.

अर्ज ऑनलाइन भरायचा होता आणि अनुज्ञप्ती मुंबईच्या अनुज्ञापक मंडळाकडून येणार होती. अर्जाला पर्यवेक्षकाचे व तारतंत्रीचे मूळ परवाने, नेमणुकीची पत्रे, जागेचा पुरावा आणि मोजमापाच्या उपकरणांची बिले लागली. उपकरणांपैकी क्लँप मीटर माझ्याकडे होता, मेगर (तारांचे आवरण शाबूत आहे का, हे तपासणारे उपकरण) आणि अर्थ टेस्टर नवे घ्यावे लागले. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांनी कपाटातला मेगर बाहेर काढायला लावला आणि अण्णांकडे न पाहता मलाच विचारले, "हा वापरून दाखवा." मी आयुष्यात पहिल्यांदा तो हातात धरत होतो. अण्णांनी डोळ्यांनीच मुख्य स्विच दाखवला, तेव्हा आधी पुरवठा बंद करायचा असतो, हे मला आठवले. दुकानाच्या बोर्डावरच ५०० व्होल्टची चाचणी घेतली. विनियमांनुसार एका मिनिटाच्या चाचणीनंतर किमान एक मेगओहम विरोध दिसायला हवा, माझ्या स्वतःच्या दुकानात तो अर्ध्यावर अडला. अधिकारी हसले नाहीत, रागावलेही नाहीत. पाठीमागच्या भिंतीत पावसाचे पाणी मुरत असल्याचे त्यांनी दाखवले आणि ती वायरिंग बदलून कळवा, असे नोंदवून ते निघून गेले. आजोबांच्या काळची ती वायरिंग आम्ही आठवडाभरात काढली. यादीतल्या साऱ्या कागदांच्या प्रवासात मला काय येते आणि काय येत नाही हे एवढ्या एकाच माणसाने तपासले, म्हणून त्या अपमानाबद्दलही मी त्यांचा ऋणी आहे. अनुज्ञप्ती हातात पडेपर्यंत पावसाळा सुरू झाला होता.

मध्यंतरी उष्णतेच्या बाजूचाही एक प्रस्ताव आला. सोलापुरात खोली गरम करण्याची गरज कोणाला पडत नाही, पण टॉवेलच्या कारखान्यांना रंगाईसाठी वाफ लागते. अक्कलकोट रस्त्यावरच्या एका कारखानदाराने, आता तुम्ही लायसनवाले झालात तर आमचा छोटा बॉयलरही बसवून द्या, असे सुचवले. चौकशी केल्यावर कळले, की वाफेचा बॉयलर हा बाष्पके संचालनालयाचा प्रांत आहे. १९२३ चा जुना अधिनियम जाऊन आता २०२५ चा नवा आला आहे. बॉयलरची नोंदणी, उभारणी करणाऱ्याची मान्यता, वेल्डरचे प्रमाणपत्र, सगळे वेगळे असते आणि माझ्या विद्युत अनुज्ञप्तीचा तिथे काडीचाही उपयोग नाही. मी त्यांना हात जोडले.

आता ज्या गोष्टीवर माझे पोट आहे, त्या गॅसकडे येतो. रुग्णालयात बसणारी मशीन आर-३२ गॅसची होती. मी शिकलो तेव्हा सगळीकडे आर-२२ होता. आर-२२ ओझोनच्या थराला मारक म्हणून माँट्रियल कराराखाली टप्प्याटप्प्याने हद्दपार होतो आहे, पण तो पेटत नाही. आर-३२ ओझोनला धक्का लावत नाही, मात्र तो सौम्य ज्वलनशील आहे. मशीनच्या पाटीवर ज्योतीचे चिन्ह असते, ते मी कैकदा पाहिले होते आणि नवीन कंपनीचा लोगो असावा अशा थाटात पुढे गेलो होतो. अण्णांनीच एकदा विचारले, "विजेसाठी एवढे कागद केलेत, गॅससाठी काय आहे?" मी शोधले. ओझोनला घातक पदार्थांच्या व्यवहारावर नियंत्रण ठेवणारे नियम २००० सालापासून आहेत, सिलिंडरच्या साठ्यासाठी २०१६ चे नियम आहेत आणि त्यांची अंमलबजावणी नागपूरला मुख्यालय असलेली पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना करते. पण माझ्यासारख्या दोन-चार सिलिंडर बाळगणाऱ्या मेकॅनिकला गॅस हाताळण्यासाठी परवाना काढण्याची सक्ती नाही. अमेरिकेत १९९४ पासून प्रमाणपत्राशिवाय मेकॅनिकला गॅसच्या यंत्रणेला हात लावता येत नाही. आपल्याकडे मार्च २०१९ मधल्या भारत शीतकरण कृती आराखड्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण व प्रमाणपत्र देण्याचे उद्दिष्ट ठेवले होते, ते प्रमाणपत्र ऐच्छिकच आहे.

मी त्या प्रशिक्षणाला गेलो, तेही अर्ध्या मनाने. चौदा वर्षांच्या अनुभवानंतर मला कोण काय शिकवणार, अशी घमेंड होतीच. प्रशिक्षकांनी पहिल्याच तासाला विचारले, की जुने मशीन काढताना आतल्या गॅसचे तुम्ही काय करता. वर्गातले आम्ही सगळे एकमेकांकडे पाहू लागलो, कारण सगळेच व्हॉल्व्ह उघडून तो हवेत सोडत होतो. त्यांनी रिकव्हरी मशीन लावून तो सिलिंडरमध्ये कसा परत घ्यायचा, हे दाखवले. नंतर व्हॅक्यूमचा, म्हणजे पंपाने पाइपातली हवा शोषून घेण्याचा, विषय निघाला. आम्ही बाजारात "गॅसने हवा ढकलतो", म्हणजे आउटडोरमधला थोडा गॅस पाइपातून फुस्स करून सोडतो आणि हवा गेली असे मानतो. हवेतली ओल मात्र पाइपातच राहते, तेलात मिसळते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर जातो. प्रशिक्षकांनी पाइपात उरलेला दाब मोजणारा मायक्रॉन गेज लावून पंप चालू केला. काटा नव्हे, आकडे होते. ते दोन हजारांवरून उतरत पाचशेच्या खाली आले, पंप बंद केला आणि दहा मिनिटे आम्ही त्या आकड्याकडे बघत बसलो. तो वर चढला नाही, म्हणजे गळती नाही आणि ओलही नाही. मी आजवर किती कॉम्प्रेसर "कंपनीचाच माल खराब" म्हणून गिऱ्हाइकाच्या माथी मारले असतील, याचा हिशेब त्या दहा मिनिटांत मनात चालला होता. गॅस असलेल्या पाइपला टॉर्च लावायची नाही, डाग देताना पाइपातून नायट्रोजन सोडत राहायचा म्हणजे आत काजळी धरत नाही, हेही तिथेच समजले. शेवटी लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा झाली. लेखी परीक्षेत मी जेमतेम काठावर होतो.

रुग्णालयाचे काम नोव्हेंबर २०२५ मध्ये झाले. शस्त्रक्रियागृह मी अंगावर घेतले नाही, कारण तिथे तासाला किमान वीस वेळा हवा बदलावी लागते, दाब आणि गाळणीचे वेगळे शास्त्र असते आणि भिंतीवरच्या मशीनचा तो प्रांत नव्हे. बाकीच्या आठ मशीनसाठी अण्णांनी प्रत्येकी स्वतंत्र केबल ओढायला लावली. व्यवस्थापक ओरडले आणि कबूल केल्याप्रमाणे मी ऐकून घेतले. प्रत्येक जोडणी नायट्रोजनच्या दाबाखाली रात्रभर ठेवली, दुसऱ्या दिवशी व्हॅक्यूम मारला आणि मगच गॅस उघडला. भारवाढीसाठी महावितरणला द्यायच्या टेस्ट रिपोर्टवर अण्णांनी आणि मी सही केली, माझ्या नावाखाली अनुज्ञप्तीचा क्रमांक पहिल्यांदा लिहिला.

बिल द्यायला गेलो तेव्हा हिशेबनिसांनी वर्षापूर्वीचा तो पाठकोरा कागद फाइलमधून काढला आणि एकेका कागदासमोर बरोबरची खूण करीत गेले. शॉप अ‍ॅक्टची पोच पाहताना ते क्षणभर थांबले, फोटोतल्या पाटीकडे त्यांनी निरखून पाहिले, पण बोलले काही नाही. सर्व खुणा झाल्यावर माझ्याकडचा आणखी एक कागद मी पुढे केला, गॅसच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र. त्यांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, यादीवर वरून खाली बोट फिरवले आणि मला परत दिला. "हा यादीत नाही," ते म्हणाले, "हा तुमच्याकडेच राहू द्या."